रकाना सातवा

दर मार्चला ती पोरगी सकाळच्या बोटीनं येते
आमच्या सादो बेटावर, निळी फाइल पोटाशी धरून.
चिहाया तिचं नाव. विद्यापीठातली.
सत्तरीपुढचे दोनशे बारा जण तिच्या यादीत.
गेल्या वर्षी दोनशे एकोणतीस होतो.

पाच शब्द सांगते : छत्री, गाजर, चावी, नदी, पितळ.
मग मुद्दाम हवापाण्याचं बोलते, आणि ते परत विचारते.
घड्याळ काढायला लावते, अकरा वाजून दहा मिनिटं.
एकेचाळीस वर्षं मी बोटीच्या इंजिनघरात काढली,
काटे माझ्या हाताला न विचारता जमतात.

मग सातवा रकाना. दारू, रोज किती?
एक गो, मी सांगतो. पावशेराला थोडी कमी.
साके, गरम करून, सहाच्या ठोक्याला, मुळ्याच्या लोणच्याबरोबर.
पहिल्या वर्षी ती म्हणाली होती,
बेताची घेतली तर म्हातारपणी मेंदूला बरी, असं म्हणतात काही जण.
तिसऱ्या वर्षी म्हणाली, तसं नसावं बहुतेक,
बेतानं पिणारी माणसं जेवतातही बेतानं,
चालतात, चार मित्र राखून असतात,
श्रेय मात्र बाटली लाटते.
यंदा म्हणाली, अजून बघतोय, आजोबा.
बघा म्हटलं. मला कुठे घाई आहे, एक्क्याऐंशी तर झाली.

फुसाए त्या रकान्यात कधीच नव्हती.
नुसत्या वासानं तिचे कान लाल होतात.
पण ओतायची तीच.
आमच्याकडे आपला प्याला आपण भरत नाहीत.
पंचावन्न वर्षं, शेवटी मनगट किंचित वळवून
लोंबता थेंब चंबूच्या ओठावरच परत घ्यायची.
ते मनगट बघूनच मी निम्मा तरतरीत.

काकीची फळं ओसरीला वाळत टांगली होती, तेव्हाची गोष्ट.
चंबू संपला. मी काड्या खाली ठेवल्या.
ती उठली, पाणी तापवलं,
भरलेला चंबू घेऊन आली आणि म्हणाली,
'आज उशीरच झाला, नाही? वाट बघत असाल.'

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.
बाहेर कुणाच्या तरी होडीचा दोर खुंटाला घासत होता.
'मघाशीच झाली' म्हणालो असतो
तर तिनं घड्याळाकडे पाहिलं असतं, मग चंबूकडे, मग माझ्याकडे,
आणि तिघांपैकी एकावरचा तिचा विश्वास उडाला असता.
मी प्याला पुढे केला.

आधी आठवड्यातून एकदा. मग चारदा.
आता आमच्या घरी रोजच दोन संध्याकाळी होतात.
महिनाभर सगळी प्यायलो. जिन्यावर पाय चुकला एकदा.
शेवटी इंजिनवाल्यानं करावं ते केलं :
सकाळी ती कपडे वाळत घालत असते तेव्हा
बाटलीत निम्मं पाणी घालतो.
दोन निम्मे मिळून एक गो.
चव विचारू नका.

यंदा चिहायानं तिलाही कागद दिला.
पाचांपैकी तिला पितळ आठवलं. मग म्हणाली,
'घासायचं राहिलंय.'
घड्याळ मात्र मन लावून काढलं, आकडे एकाच बाजूला गोळा,
आणि काटे सहावर.
अकरा दहा सांगितले होते, चिहाया हळूच म्हणाली.
'हो, पण यांची वेळ सहाची,' फुसाए म्हणाली.

रोज किती, आजोबा?
एक.
तिनं एक लिहिलं. खोटं नव्हतं.
पेन मात्र थोडा वेळ तिथंच राहिलं,
आणि ती स्वयंपाकघरातल्या बाटलीकडे बघत होती,
इतकी फिकट, खिडकीतला उजेड आरपार जाणारी.
काही बोलली नाही.

दाराशी बूट चढवताना फुसाएनं तिला विचारलं,
'कुठल्या घरची गं तू?'
सकाळपासून तिसऱ्यांदा.
चिहाया अर्ध्या बुटात थांबली, वाकली,
आणि नाव सांगितलं,
पहिल्यांदाच सांगावं तसं.