पासंग

घरी, म्हणजे ओझियासच्या बापाच्या दुकानात,
डुकराच्या बरगड्या बाजूला सारून
तीनदा तोलला होता आम्ही मारिंबोंदू.
तिन्ही वेळा तेराशे साठ.
मर्यादाही तेराशे साठच.
काटा जणू आमच्याच टीममधला.

मग रात्रभर बस, मीनासचे डोंगर,
सकाळी कॉलेजच्या जिमखान्यात
मापाच्या टेबलामागे क्लेऊझाबाई, चष्मा कपाळावर.
"चौदाशे एक," म्हणाली,
आणि उष्टं ताट सारावं तसा
रोबो आमच्याकडे सारला.

एकेचाळीस ग्रॅम.
एका खिशात विसरून जावं एवढं ओझं.
टेबल बंद व्हायला पन्नास मिनिटं.

ओझियासनं फोन लावला तो ओरडायलाच.
पलीकडे हाडावर पडणारा सुरा थांबला.
"ठाऊक आहे," सेउ आर्लिंदो म्हणाला,
"कमीच दाखवतो तो. शंभराला तीन.
दुकान घेतलं तेव्हाच लावलाय तसा.
मला विचारायचं होतंत."
मग कुणाला तरी म्हणाला, चरबी ठेवू की काढू,
आणि फोन तसाच टेकवला असावा,
कारण बराच वेळ सुरा ऐकू येत राहिला.

तेहेतीस वर्षं, जुरेमा बोटं मोजत म्हणाली.
रोज शंभराला तीन.
गाव किती बैल फुकट जेवलं असेल, कुणाला पत्ता नाही.
ओझियास काही बोलला नाही. ड्रिल उचललं.

ढोलाला हात लावायचा नाही, हे न बोलताच ठरलं.
मारतो तो ढोल. बाकीचं सगळं
त्याला धरून ठेवायला आलेलं बिऱ्हाड.
सांगाड्याला भोकं पाडली, मग भोकांमध्ये भोकं,
ॲल्युमिनियमची जाळी झाली तरी सतराच ग्रॅम.
झाकणाचे तीन स्क्रू गेले, नऊ.
मला वायर लांब सोडायची खोड,
पुढे कधी लागली तर असू द्यावी म्हणून.
ती चिंता कापली: सहा ग्रॅम.
रबराचे पाय. बॅटरीवरचं लेबल,
ज्यावर आग लागल्यास काय करावं ते लिहिलं होतं.

तेराशे चौसष्ट.
आता काढण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणाले,
आणि तिघांचीही नजर झाकणावर गेली.
झाकणावर जुरेमाची गांधीलमाशी होती,
तीन थर पिवळा, दोन थर काळा,
डोळ्यांत नेलपॉलिशचा ठिपका.
दोन रविवार गेले होते तिचे.
"रंगाला कुठे वजन असतं," ओझियास म्हणाला,
चांगुलपणानंच म्हणाला.
जुरेमानं पटाशी मागितली.
पंख आधी खरवडले, मग पोट,
डोळे राहू दे म्हणालो आम्ही, तर ऐकेना.

तेराशे अठ्ठावन्न.
क्लेऊझाबाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, सही केली.
उजाड झाकणावरून एकदा बोट फिरवलं तिनं,
विचारलं मात्र काही नाही.

लढतीचं काय सांगू. बावन्न सेकंद.
साओ पावलोच्या पोरांची कुऱ्हाड
नेमकी तीन स्क्रू नसलेल्या कोपऱ्यात शिरली.
नियमात जास्तीचा आकडा असतो,
कमीचा नसतो.
शेवटी उरलं ते कुणी तोललं नाही.

परतीच्या बसमध्ये जुरेमाच्या मांडीवर पाकीट होतं:
चुरा, स्क्रू, वायरचे तुकडे, पिवळी खपली.
टेबलावरून ब्रशनं झाडून घेतलं होतं तिनं सगळं,
त्रेचाळीस ग्रॅम, आपलेच आहेत म्हणून.

सोमवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
सेउ आर्लिंदोनं हात पुसले,
पाकीट स्वतःच काट्यावर ठेवलं.
बेचाळीस.
"एक माझ्याकडून," म्हणाला म्हातारा,
आणि पाकीट कागदात गुंडाळून, दोरा बांधून,
मांस द्यावं तसं तिच्या हातात दिलं.