शहापूर, विणकर हॉल, सहावी फेरी

मी उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी साचे करतो.
लाकूड अर्धं सूत चुकलं
की लोखंड चुकतं.
पांढरी मोहरी आली तेव्हा निश्चिंत होतो मी,
चाली ठरलेल्या, वाळू चोपून बसलेली.

समोर शिवलीला कमतगी, हुक्केरीची, नववीतली.
घड्याळाचं बटण ती करंगळीनं दाबायची.
मी ई-चार. ती सी-पाच.
पाचव्या चालीला जी-सहा,
आणि उंट कोपऱ्यात जाऊन बसला,
जेवणाच्या सुट्टीतल्या भट्टीवाल्यासारखा, नुसता बघत.

ह्याला ड्रॅगन म्हणतात, मला ठाऊक होतं.
ठाऊक असणं वेगळं.

मी लांबचा किल्ला केला, एच-चं प्यादं सोडलं.
बाहेर यंत्रमाग खटखटत होता, त्याच्या तालात पुढं, पुढं.
तिनं हत्ती उचलला
आणि माझा सी-तीनचा घोडा खाल्ला.
हत्ती देऊन घोडा!
शेजारच्या पटावरचे मुतगेकर मास्तर
स्वतःचं घड्याळ चालू ठेवून बघायला लागले.
मला वाटलं, पोर चुकली.
बरं वाटलं, खरं सांगतो.
प्याद्यानं हत्ती घेतला.
तिचा वजीर ए-पाचला आला.
मी उरलेला घोडा एफ-पाचवर उडवला, हल्ला म्हणून,
आणि तिचा घोडा ई-चारवर,
म्हणजे उंटाच्या समोरून बाजूला.
त्या तिरक्या रेघेत आता कुणीच नव्हतं.
साच्याच्या फटीतून लोखंड येतं तसा
उंट सी-तीनपर्यंत आला,
मग वजीर ए-तीन, शह,
मग बी-दोन.

"आतु," ती स्वतःशीच म्हणाली. झालं.
मग माझ्याकडं बघून, मराठीत, "काका, पेन देता?"
तिचं संपलं होतं.
कानडीत सही केली, कागद फाटेल इतकी दाबून,
आणि पेन टोपण लावून परत दिलं.

रात्री दीडला स्वयंपाकघरात पट मांडला.
घोडा बी-तीन.
एफ-पाच नव्हे. मागं.
वजिराला हुसकणारी एक साधी परतीची चाल,
आणि पुढं तिच्याकडं काही नाही,
मला तरी दिसत नाही, तीनदा बघितलं.
हुक्केरीची शेवटची बस केव्हाच गेलेली.
सांगू कुणाला?
बायको म्हणाली, दिवा घालवा की आता.

सकाळी पंपाच्या आवरणाचा साचा तासताना
हात दोनदा थांबला.
पुढच्या महिन्यात चिकोडीला स्पर्धा आहे, नाव घातलंय.
काळी मोहरी आली तर
पाचव्या चालीला
जी-सहा.