पंचावन्न साल, शेराला तीन आणे

मिशनच्या इस्पितळातली रद्दी
सगुण केळूसकर दिवाळीआधी उचलायचा,
शेराला तीन आणे.
कागद गुळगुळीत, रंगीत, बोटाला शाई न लागणारा.
"जवळो बांधूक बरो," तो म्हणायचा,
"ओलो बांगडो नको, घसारता."

मी गल्ल्यामागे स्टुलावर.
तेरा वर्षांचा, मिशनच्या शाळेतलं इंग्रजी,
डावा पाय गुडघ्याखाली पडवळासारखा.
होडीवर ज्याचा उपयोग नाही त्याला दुकान,
हे घरात कुणी बोललं नव्हतं, ठरलं मात्र होतं.

गठ्ठ्यात नवं वर, जुनं तळाला.
म्हणून अमेरिकेचं वर्ष
माझ्यापुढे उलटं उलगडलं.

आधी डिसेंबर.
दक्षिणेतलं एक शहर,
शिवणकाम करणारी एक बाई
बसमधली आपली जागा सोडत नाही.
तिला पकडतात. मग तिचे लोक
बसच सोडून देतात, आणि चालतात.
कामाला, बाजाराला, प्रार्थनेला. थंडीत.
ते अजून चालतायत की थांबले
हे सांगणारं पान गठ्ठ्यात नव्हतं.
त्या पानात मी कुणालाच काही बांधून दिलं नाही.

नंतर गाड्या, माशांसारखे कल्ले फुटलेल्या,
फ्रिजमध्ये डोकं घालून हसणाऱ्या बायका,
आणि ऑगस्टातला पूर: छपरावर बसलेलं एक कुटुंब,
एक कुत्रा.
आमच्या ऑगस्टाबद्दल तिथे ओळही नव्हती.
त्या पावसात दुकानासमोरून माणसं गेली होती,
गोव्याच्या हद्दीकडे, झेंडा घोंगडीत गुंडाळून.
एकाने चुरमुरे घेतले, म्हणाला, "येतोस?"
मग त्याला माझा पाय दिसला.
"सुटे राहू देत," तो म्हणाला, "परतताना घेईन."
दोन आणे.
अजून आहेत.

जुलैत लहान मुलांसाठी बांधलेलं एक आख्खं गाव,
किल्ला, तळं, तळ्यात होडी,
आणि होडी म्हणे पाण्याखालच्या रुळावरून चालते.
हे मी आवडूच्या बापाला वाचून दाखवलं.
जाळं विणता विणता तो इतका हसला
की सुई गमावून बसला.
"रुळावरची होडी! मगे तांडेल कित्याक?"

आवडू त्याच्या मांडीवर.
पाच वर्षांची. दोन्ही पाय.
पंचावन्नच्या आषाढात ताप आला, तिसऱ्या दिवशी उतरला,
आणि चौथ्या दिवशी ती उभी राहीना.

तळाला एप्रिल होता.
फोटोत सुई, सुईखाली एक गोरा दंड,
आणि मजकूर: ती लस लागू पडते.
गावोगाव घंटा वाजल्या, लोक रस्त्यात रडले,
दुकानदारांनी काचांवर आभार लिहिले.
मी तारीख पुन्हा वाचली.
बारा एप्रिल.
बोटांवर मोजलं: एप्रिल, मे, जून.
माझ्यासाठी उशीर झाला होता, ते ठीक.
आवडूच्या तापाला त्या दिवशी
तीन महिने बाकी होते.

पान घेऊन मी कंपाऊंडर फर्नांडिसकडे गेलो,
कुबडी खटखटत, उन्हातून.
त्याने चष्मा पुसला, सगळं वाचलं,
पानाचा वास घेतला.
"खरां आसा," म्हणाला. "हय पोचाक वेळ लागतलो."
किती, ते मी विचारलं नाही.
परत आलो तर सगुण ओरडत होता,
गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पाव शेर जवळा.
दुसरा कागद घेतला.

आता रविवारी शाळेच्या ओट्यावर मला बसवतात,
थेंब पाजून झाले की
पोरांच्या करंगळीवर शाई लावायला.
म्हातारा आहे, रिकामा आहे, आणि
माझा पाय बघून आया पोरं पुढे ढकलतात.
काल एक पोरगी रडेना, हसेना,
करंगळी फुंकत राहिली.
"ह्यो काळो डाग कदी जातलो?"
"आठ दिवसांनी."
ती उतरणीवरून पळाली.
चप्पल एक ओट्यावरच.