कड्याचे दोनशे रुपये

मांडवीकडून घडियाळी पोळात वळलं
की हातिमभाईंचं दुकान.
बाहेर कुलपं, बिजागऱ्या, किलोवर खिळे.
आत, तिजोरीखाली, बुटांच्या खोक्यात
जपान.

पाच महिने पैसे साठवले होते:
पंपाच्या पॅटर्नांचे, एका व्हॉल्व्हच्या कोअर-बॉक्सचे.
मकरपुऱ्याच्या फाउंड्रीवाल्याने अजून दिले नाहीत,
ते धरलेच नव्हते.
यादीत तीन नावं: करवत, रंधा, पटाशी.
पाकिटाने यादी वाचली
आणि म्हणालं, एक.

करवत आधी. दोन्ही कडांना दात,
पत्रा पोस्टकार्डाएवढा.
पेटीच्या फळीवर टेकवली, सवयीने ढकलली,
ती वाकली, रुसल्यासारखी.
"खेचा, बेन," हातिमभाई म्हणाले,
"एवढंच मला ठाऊक. बाकी तुम्ही मला सांगा."
खेचली. केसाएवढी रेघ सरळ खाली उतरली.
तीस वर्षं मी लाकडाच्या अंगावर जात आले
ओठ दाबून, खांदा लावून.
बोलावलं तर ते येतं,
हे बाबांनाही माहीत नसावं.
तरी परत ठेवली.
एवढ्या बारीक दातांना इथं धार कोण लावणार?
आमचा इस्माईल कात्र्यांपुढे जात नाही.

रंधा म्हणजे ओकचा नुसता ठोकळा,
पातं तिरकं रुतवलेलं.
मे महिन्यात तडकेल, ऑगस्टात फुगेल,
बडोद्याच्या हवेशी त्याची ओळख नाही.
हुंगला मात्र दोनदा.

पटाशी.
चोवीस मिलिमीटर, हातात घेताच कळलं
की आता भाव करताना माझा आवाज खोटा लागणार.
पाठीवर उथळ खळगा,
दह्यातून चमचा उचलल्यावर उरतो तसा.
धारेशी दोन रंग: वर राखाडी मऊ लोखंड,
खाली पोलादाचा हट्टी उजळ काठ,
मधली रेघ ढगाळ, जरा हललेली,
कुणाचा तरी हात तिथं थांबला असेल.
त्याचं नाव कोरलं होतं, तीन अक्षरं.
मला वाचता येईना, हातिमभाईंनाही.
चष्मे पुसून आम्ही दोघांनी ते पाहिलं.

मग मुठीच्या टोकाचं कडं फिरलं.
मुसळाला वसवी असते ना, तसं कडं. सैल.

मी पॅटर्नवाली.
आमची फूटपट्टीच खोटी असते,
फुटामागे एक सूत जास्त,
कारण ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं.
सैल म्हणजे किती सैल, हे माझं नख सांगतं.
"माल डिफेक्टिव्ह आहे," मी म्हटलं.
दोनशे उतरले.
हातिमभाईंचा चेहराही थोडा.

घरी खोक्याच्या तळाशी घडीचा कागद निघाला.
अक्षरं परकी, पण चित्रं सुताराची:
कडं काढा.
मुठीचं टोक हातोडीने चेपत आणा.
कडं बसवा.
वर उरलेलं लाकूड भिजवून, ठोकून
कड्यावर वळवा.
सैल ठेवलं होतं मुद्दाम.
शेवटचं काम घेणाराचं,
कारण ठोके त्याचेच खायचे असतात तिला.

रात्री साडेदहापर्यंत ठोकत बसले.
वरच्या मजल्यावरच्या वैशंपायनांनी
दोनदा जमिनीवर काठी आपटली.
त्याच तालात आणखी चार घाव घातले.

सोमवारी दोनशे रुपये काउंटरवर ठेवले,
कागद उलगडून दाखवला.
हातिमभाईंनी एक नोट घेतली, एक सरकवली.
"न कळण्याचे शंभर तुमचे, शंभर माझे.
सहा वर्षं विकतोय मी."
मग खाली वाकून खोकं काढलं.
उरलेल्या दोन पटाश्या.
दोघींची कडी घट्ट, हलेनात.
"तुमच्यानंतर," ते म्हणाले, "सरस लावला.
पुन्हा कुणी डिफेक्ट काढू नये म्हणून."

सरस आहे, निघेल, मी म्हटलं,
गरम पाणी लागेल.
त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाक मारली:
नुसतं पाणी आण रे.
उकळतं.
चहा नंतर.