पान एकेचाळीस

"चाळीसनंतर एकदम बेचाळीस?"
झेरॉक्सवाला इनास विचारतो.
जुन्या गोव्याच्या धक्क्याजवळचं दुकान,
यंत्र तापलेलं.

एकेचाळीसवर
दिवाडीच्या फेरीबोटीचा खलाशी बोलतो:
शेवटच्या फेरीला कृष्टा होता,
पिशवीत बांगडे, पाणी गळत होतं माझ्या पायावर,
त्यानं काडेपेटी मागितली.

साहेब म्हणाले, ते राहू दे,
आपल्या कामाचं नाही.

आपल्या.

शर्टाच्या खिशातून कागद काढला.
घामानं मऊ झालेली चौघडी
काचेवर तळव्यानं सपाट केली.
हिरवा उजेड सरकला, परत आला.

वकीलबाईंना म्हटलं, मोजून घ्या, मग पोच द्या.
त्या बोट ओलं करून मोजतात.
अडतीस. एकोणचाळीस.

पलीकडून फेरी सुटली वाटतं.