अस्पष्ट

साकोलीत, खताच्या दुकानावरच्या माडीत
आम्ही अकरा जणी कानांना हेडफोन लावून बसतो.
एका तुकड्याचे चाळीस पैसे.
तुकडा म्हणजे कुणाचा तरी आवाज,
सात-आठ सेकंदांचा, मुंडकं-शेपूट छाटलेला.
यंत्राला काय ऐकू आलं ते खाली उमटतं.
आपण बरोबर म्हणायचं, नाहीतर चूक,
नाहीतर तिसरं बटन: अस्पष्ट.
भिंतीवर नियम चिकटवलेत.
प्रमाण शब्द लिहा. अंदाज बांधू नका.
बोलणारा ओळखीचा असला तरी ओळख दाखवू नका.

मंगळवारी, डबा उघडायच्या आधी,
एकशे बारावा तुकडा.
मागे कुणी दगडावर कपडे आपटतंय,
पाणकोंबडी ओरडतेय,
आणि मग माझी आई:
"तरा आटला तरी गाद जित्ती रायते चिखलात."

यंत्रानं लिहिलं होतं,
तारा आटला तरी याद जिती राहते.
एखाद्या शायराची ओळ वाटावी.

सातवीपर्यंत मीही तरा म्हणायचे.
मग बाईंनी छडीनं माझ्या जिभेवर ळ बसवला.
आता तळं म्हणते, आणि आईशी बोलताना
अर्ध्या वाटेवर अडखळते.

फाईलीत तिचं नाव नाही.
स्त्री. पन्नास ते साठ. ग्रामीण.
रायवंता वलथरे कुठेच नाही.
थंडीत टॅबलेटवाला पोरगा आला होता, बोलायला गोड.
गाद, चिला, चौरा, देवधान,
कोणतं गवत कोणत्या माशाचं, सगळं विचारून गेला.
काचेवर तिचा अंगठा घेतला,
आणि स्टीलचा डबा दिला.
त्याच डब्यात आज माझी भाकर आहे.

पंकेश सर म्हणतात, आता ज्ञान हेच भांडवल,
तुम्ही पोरी थेट ज्ञानाच्या बाजारात आलात.
बाजारात तर आम्ही आधीपासूनच आहोत, सर,
टोपल्या घेऊन, गुरुवारच्या.
तिथं भाव निदान ओरडून सांगतात.

जाळं ओढलं की आमच्याकडे पाळीवर हिस्से पडतात.
ओढणाऱ्याचा, जाळ्याचा, बाळंतिणीचा,
तापानं निजलाय त्याचाही.
खवले उडवता उडवता आई बोलत असते,
ही पोटुशी आहे, हिला सोड,
शिंगूर असा धर, नाहीतर काटा मारेल.
ऐकणाऱ्या पोरींकडून ती सही घेत नाही.
सगळंच गोड होतं असं नाही.
नदीपल्याडहून सून म्हणून आलेल्या बायांना
दोन वर्षं हिस्सा नव्हता,
माझ्याच काकानं अडवला होता.
पाळीवर भांडण झालं, टोपल्या फेकल्या गेल्या,
तेव्हा कुठे मिळाला.
पण भांडायला समोर माणूस होता.
इथं कुणाशी भांडू? पडद्यावरची घड्याळं उलटी चालतात,
नऊ, आठ, सात.

मी तरा लिहिलं.
लाल रेघ आली. शब्द सापडला नाही. तारा?
परत लिहिलं. परत तारा.
शेवटी अस्पष्ट दाबलं.
घाबरून दाबलं की राखून ठेवलं,
मलाच अजून नक्की नाही.

संध्याकाळी सांगितलं तर आई पोट धरून हसली.
"बरा झाला. त्याले म्या अर्धाच सांगतला."
का वं?
"त्यानं बूट नाही काहाडले. दोन डाव म्हटलं, उतर.
मासोरी अंडी कोठी घालते
ते पायाले समजते, कानाले नाही."

मग ती चिखलात शिरली, लुगडं खोचून,
मागे न बघता.
मी मोबाईल दगडावर ठेवला, चपला त्याच्या शेजारी.
पाणी पोटरीपर्यंत गार.
अंगठ्याखाली काहीतरी मऊ, केसांसारखं, हललं.
आई म्हणाली, "ओरख."