उणे चौदा

तेहतीस केव्हीचं सबस्टेशन, गावापासून कोसभर दूर.
दर तासाला फीडरचा भार लिहायचा.
बावीस वर्षं लिहिला.
दोन रजिस्टरं उधईनं खाल्ली,
बाकीची कपाटात आहेत.
आकडा कधी शून्याखाली उतरला नाही.

परवा दुपारी बारा चाळीसला
फीडर चारच्या आकड्याआधी
एक आडवी रेघ उमटली.
उणे चौदा.

वाटलं, वायर उलटी जोडली कोणी.
चष्मा पुसला. मग मीटरची काच पुसली.
शीतल ठवरे, आयटीआयहून आलेली नवी पोर,
झुणक्याचा हात तसाच घेऊन आली
आणि म्हणाली, "बरोबर आहे काका.
लाइन गावातून येऊन राहिली."

गावातून.
जिनिंगच्या पत्र्यावरून, शाळेच्या गच्चीवरून,
आणि त्या बरडावरून,
जिथं तरोट्याशिवाय काही उगवलं नव्हतं.

जुन्या रिलेला हे पटेना.
त्याला शिकवलेलंच तसं:
वीज वरून येते, खाली जाते,
उलटं काही दिसलं की तोड.
मलाही तसंच शिकवलं होतं.
त्याला शीतलनं चार स्क्रू काढून उतरवलं.
नवा दोन्हीकडे बघतो.
ढगाचं ठिगळ बरडावर आलं
की बॅटरीच्या कंटेनरला हाक देतो,
ढग सरकला की गप्प.

रजिस्टरात उण्याला रकाना नाही.
म्हणून मागची पानं चाळली,
कोणी कधी कसं लिहिलं ते बघायला,
आणि चाळता चाळता जुनं रजिस्टर हाती आलं.
पौष. माझंच अक्षर.
रात्री २.०५, फीडर चार चालू.
शेतीला तेव्हा रात्रीचीच लाइन.
सोमा कुमरे हरभऱ्याला ओलित करायला उठला,
दांडावर घोणस होती.
२.०५ समोर, शेऱ्याच्या रकान्यात,
मी लिहिलेलं: सुरळीत.

पावणेदोनला फोन वाजला.
चंद्रकलाबाई कुमरे.
आधी तिचा एकच प्रश्न असे, लाइन कवा येते?
आणि मी म्हणायचो, वरून आली की सोडतो.
आता बरडावरच्या पाट्या तिचा बचत गट पुसतो,
पहाटे, दव असतानाच, पाणी वाचतं म्हणून.
"साहेब, आमची लाइन भेटून राहिली का तुमाले?"

भेटली, म्हटलं.

"मंग लिहून ठेवा."

लिहिलं. दोन वाजता उणे एकतीस,
तीनला उणे बावीस,
चारला ढग होता, अधिक तीन.
सहा वीसला रेघ गेली ती गेलीच.
घराघरात दिवे, पिठाची चक्की, कोणाची तरी मिक्सर,
चौऱ्याऐंशी.
कंटेनर घुमत होता, लग्नाच्या मांडवामागे जनरेटर घुमतो तसा, पण हळू.
शीतलनं स्कूटी काढली,
"उद्या फीडर दोन," म्हणाली.

शेऱ्यावर पेन टेकवला होता.
शाईचा ठिपका पडला तेवढाच.